दादाचा शेकडा

माझ्या वहीतली अडीच पानं उतरवून माझा भाऊ एम.बी.ए. झाला. हे वाक्य इतकी वर्षं मी घरात मोठ्याने बोलले नाही, कारण आमच्याकडे असं काही बोललं की बोलणारीच कजाग ठरते. आता ठरू दे. तो म्हणेल, लेखी परीक्षेत मला तुझ्यापेक्षा जास्त गुण होते. होते. गणितात तो हुशार होता आणि आहे, ते मी कधी नाकारलं नाही. पण मुलाखतीत जी गोष्ट सांगून तो आत गेला ती माझी होती. मी ती सांगायला गेले तेव्हा ती आधीच सांगून झालेली होती.

आमचा मळा नाशिकला, मखमलाबादच्या बाजूला. आता तिथे अपार्टमेंट उभी आहेत आणि त्यांच्या नावात कुठे ना कुठे ‘ग्रीन’ आहे, पण नव्वदीच्या सुरुवातीला पाटाच्या दोन्ही अंगांना नुसती भाजी होती. आम्ही कोथिंबीर, मेथी आणि शेपू करायचो. दुपारी कोथिंबीर उपटायची, आंब्याखाली बसून केळीच्या सोपटाने जुड्या बांधायच्या, वर ओलं गोणपाट टाकायचं आणि संध्याकाळच्या लिलावाला माल मार्केटात न्यायचा. बांधायचं काम आईचं. तिच्या जुड्या इतक्या सारख्या असायच्या की व्यापारी वरची एक उचलून बघायचे आणि बोली सुरू करायचे.

बोली शेकड्यावर लागायची. शंभर जुड्या म्हणजे एक शेकडा. ब्याण्णव जुड्या घेऊन गेलं की व्यापारी तोंड फिरवायचा. म्हणून आपल्या कमी पडल्या तर शेजारच्या काकांच्या वाफ्यातल्या आठ घ्यायच्या, त्यांच्या कमी पडल्या तर आपल्यातल्या द्यायच्या. कुणाच्या किती गेल्या हे कुणी विचारायचं नाही. विचारणं म्हणजे कोतेपणा. ‘त्याचा शेकडा भरून दे’ हे वाक्य मी लहानपणापासून दिवसातून दहादा ऐकलंय. तेव्हा ते मला आवडायचंसुद्धा. आपली माणसं चांगली आहेत, असं त्यातून वाटायचं.

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला असताना कॉलेज रोडवर एका झेरॉक्सच्या दुकानावर मला एक पिवळा बोर्ड दिसला: एम.बी.ए. प्रवेश परीक्षेची तयारी. चौकशीला वर गेले तर तिथले सर खुर्चीवर उभं राहून पंखा पुसत होते. पूर्वी ते कुठल्याशा कंपनीत विक्री खात्यात होते, तिथे भांडून बाहेर पडले होते आणि स्वतःला सोडून जगातल्या प्रत्येकाबद्दल त्यांची तक्रार होती.

“कितवं वर्ष?” त्यांनी वरूनच विचारलं.

“पहिलं.”

ते खाली उतरले. “नाशिकची मुलं तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला की माझ्याकडे येतात,” ते म्हणाले. “तोवर बाकीची मुलं पार पुढे गेलेली असतात. तू वेळेवर आलीस.”

माझं शिक्षण सगळं मराठीतून झालेलं. इंग्रजी म्हणजे मला खडे निवडण्याचं काम. तरी सरांनी मला तीन वर्षांचं वेळापत्रक आखून दिलं. रोज वाचनालयात जाऊन इंग्रजी पेपरातला अग्रलेख वाचायचा आणि अडलेले शब्द लिहून काढायचे. रोज वीस गणितं, घड्याळ लावून. आणि एक वही. “फॉर्मात विचारतात, तुम्ही स्वतःहून काय सुरू केलंत,” सर म्हणाले. “तेव्हा मुलं छताकडे बघतात. तू आजपासून लिहून ठेव. काय केलंस, कुणाशी बोललीस, काय चुकलं. तीन वर्षांनी त्यातलं सोनं निवडू.” थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक सांगितलं: “आणि सगळं फॉर्मात ओतायचं नाही. एक गोष्ट मुलाखतीत तोंडी सांगायला मागे ठेवायची.” हे मी अक्षरशः पाळलं. इतकं पाळलं की आज त्याचाही राग येतो.

घरी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारलं तेव्हा ते विळ्याला धार लावत होते. नाही म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, “एकटी जायची नाय. दादाला सोबत घेऊन जा.” दादा माझ्याहून वर्षाने मोठा. बारावी सायन्सला तो आपटला होता आणि कॉमर्सला येऊन माझ्याच वर्गात बसला होता. त्याला एम.बी.ए. म्हणजे काय हे माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. पण मुलगी सकाळी साडेसातला क्लासला जाणार म्हणजे सोबत हवी, आणि सोबत जिन्यात बसून कंटाळते, म्हणून सरांनी त्याला अर्ध्या फीमध्ये आत बसवून घेतलं. असा माझा भाऊ मॅनेजमेंटच्या वाटेला लागला. मला पोचवायला आला आणि राहिला.

त्याच हिवाळ्यात कोथिंबीर पडली. पडली म्हणजे भाव पडला. आप्पा मार्केटातून माल तसाच परत घेऊन आले आणि बैलांपुढे टाकला. मी ओट्यावर बसून ते बघत होते आणि डोक्यात एकच चाललं होतं: पंचवटीतला मिसळवाला आज सकाळी कोथिंबीर घालत नव्हता का? घालत होता. उद्याही घालणार. भाव पडो की चढो, नाशिकचा माणूस मिसळ खाणार आणि तिच्यावर कोथिंबीर लागणार. मग त्याने रोज मार्केटात जाऊन भावाशी झोंबी का घ्यावी, आणि आपण तरी का घ्यावी?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाला म्हटलं, क्लासच्या आधी पंचवटीत थांबायचंय. लूना तोच चालवायचा. तो बाहेर सीटवर बसून राहिला आणि मी आत गेले. मालक रश्श्याच्या पातेल्यापाशी उभा होता, साठीचा, पांढरी टोपी, खांद्यावर पंचा. मी सांगितलं, काका, रोज सकाळी सहाला ताज्या जुड्या आणून देईन, बारा महिने एकच भाव. आज तुम्हाला तो बाजारापेक्षा जास्त वाटेल, उन्हाळ्यात कमी वाटेल. त्याने माझ्याकडे पाहिलं, बाहेर लूनावर बसलेल्या दादाकडे पाहिलं, आणि भावाबद्दल एक अक्षर न बोलता मला एक प्रश्न विचारला. तो काय होता ते पुढे सांगते. मी उत्तर दिलं. तो म्हणाला, “उद्यापासून तीस आण.”

पुढच्या वैशाखात कोथिंबीर अशी चढली की बायका भाजीवाल्याकडे नुसती चार काड्यांसाठी भांडायला लागल्या. आप्पांच्या डोक्याचा भुगा झाला. “मार्केटला तिप्पट भाव हाय आन तू फुकटात वाटत फिरतीस,” ते ओरडले. मी पाटी भरली आणि गेले. त्या महिन्यात मी रोज बोलणी खाल्ली आणि रोज जुड्या पोचवल्या. पण महिना सरता सरता मालकाने स्वतःहून आणखी दोघांकडे माझं नाव सांगितलं, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत आमच्याकडे अकरा ठिकाणं झाली. आप्पा मग गावात सांगायला लागले की आमच्या पोरांनी नवीन काढलंय. ‘पोरांनी’. तेव्हा तो शब्द मला खुपला नाही, उलट मी सुखावले होते.

हे सगळं मी वहीत लिहिलं. लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी. काय चुकलं तेही लिहिलं: पावसात जुड्या सडल्या तेव्हा सोपटाऐवजी दोरा वापरून पाहिला आणि तो मालकाच्या बोटात रुतला, ते; सातपूरच्या एका कँटीनवाल्याने फसवलं, ते; आई दुपारी किती वाजता बांधायला बसते आणि तिची पाठ कधी धरते, तेही. फक्त त्या पहिल्या दिवशीचा प्रश्न लिहिला नाही. तो तोंडी सांगायचा होता.

तिसऱ्या वर्षी पुण्याच्या एका संस्थेचे फॉर्म आणले. दोन. माझ्यासाठी एक आणि सोबतीसाठी एक, कारण एव्हाना दादा क्लासमध्ये गणिताच्या चाचणीत पहिला यायला लागला होता आणि आप्पांना त्याच्यातही काहीतरी दिसायला लागलं होतं. फॉर्मात तोच प्रश्न होता, सरांनी तीन वर्षांपूर्वी सांगितलेला. मी आठ दिवस शब्दकोश घेऊन बसले. वहीतलं मराठी मी वाक्यावाक्याने इंग्रजीत केलं, सरांकडून दोनदा तपासून घेतलं, आणि पक्का मजकूर वहीच्या शेवटच्या अडीच पानांवर उतरवून मग फॉर्मात लिहिला. दादाचा तो रकाना शेवटच्या दिवसापर्यंत कोरा होता. फॉर्म पाठवायच्या सकाळी मी जुड्या पोचवून घरी आले तर दोन्ही फॉर्म एका मोठ्या पाकिटात घालून खळ लावून तयार.

“तू काय लिहिलंस?” मी त्याला विचारलं.

“लिहिलं काहीतरी,” तो म्हणाला आणि पाकीट घेऊन पोस्टात गेला.

लेखी परीक्षा झाली आणि आम्हा दोघांनाही मुलाखतीचं पत्र आलं. एकाच दिवसाचं, त्याला सकाळी, मला जेवणाच्या सुट्टीनंतर. आईने दोघांना दह्याचा थेंब हातावर दिला. एसटीत मी खिडकीशी बसून संगमनेरपर्यंत तो मिसळवाल्याचा प्रश्न मनातल्या मनात इंग्रजीत घोळवत होते. कुठे थांबायचं, कुठे हसायचं, सगळं ठरलेलं. तीन वर्षं मी त्या दोन मिनिटांसाठी जगत होते असं म्हटलं तर हसू नका, मी खरंच जगत होते.

आत तिघं होते, दोन पुरुष आणि एक बाई. बाईंनी माझा फॉर्म वाचला, मग शेजारचा दुसरा फॉर्म उचलून माझ्या फॉर्मला लावून ठेवला. बोलणं इंग्रजीत झालं, मी इथे मराठीत लिहिते.

“सकाळी एक मुलगा येऊन गेला,” त्या म्हणाल्या. “आडनाव तेच, पत्ता तोच. भाऊ?”

“हो.”

“गोष्टही तीच आहे. वाक्यंसुद्धा.”

त्यांनी दोन्ही कागद माझ्याकडे फिरवले. दादाचं अक्षर. माझं पहिलं वाक्य, माझं दुसरं वाक्य, ज्या एका शब्दासाठी मी पूर्ण संध्याकाळ शब्दकोश चाळला होता तो शब्द. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय हे मला त्या खुर्चीत कळलं.

“तो म्हणाला कल्पना त्याची होती,” शेजारचे गृहस्थ बोलले. ते वाईट नव्हते, थकलेले होते. “आम्ही विचारलं, बहिणीनेही अर्ज केलाय, ती काय करते. म्हणाला, ती जुड्या बांधायची. मग हे तुम्ही का लिहिलंत? कुणाचं आहे हे?”

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की माझं आहे. वर तो प्रश्न सांगायचा होता. माझ्याकडे पुरावा होता, अगदी ओठांवर. दादाला तो माहीत असणं शक्यच नव्हतं, तो बाहेर लूनावर बसला होता. त्याला परत बोलावून विचारलं असतं तर दोन मिनिटांत उजेड पडला असता. पण मी ‘माझं’ म्हटलं की तो चोर ठरणार होता, पुण्यात, परक्या माणसांसमोर, आणि मग मी कुठल्या तोंडाने घरी जाणार होते? मी म्हटलं, “घरचा धंदा आहे. दोघांचा.”

“मग तुमचा वाटा काय?”

मी जे काय बोलले ते मला आठवत नाही. तुटक, चुकीच्या इंग्रजीत, काहीतरी. तीन वर्षांचे अग्रलेख कुठे गेले कोण जाणे. बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

दादा फाटकाबाहेर वडापाव खात उभा होता. “कशी झाली?” त्याने विचारलं. मी त्याच्या हातातला वडापाव घेऊन गटारात टाकला. एवढंच केलं. नाशिक येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही आणि त्याने कारण विचारलं नाही, यावरूनच काय ते समजा.

घरी आल्यावर मात्र मी आवाज चढवला. दादा मळ्यात निघून गेला. आई चुलीपाशी होती. तिनेच सांगितलं. फॉर्म पाठवायच्या आदल्या दिवशी तो कोऱ्या रकान्यापुढे डोकं धरून बसला होता, जेवला नाही. तिला दया आली. फडताळातून माझी लाल वही काढून तिने स्वतः त्याच्यापुढे ठेवली.

“त्याचा शेकडा भरत नव्हता,” आई म्हणाली. “तुझ्यातल्या चार जुड्या घातल्या. त्यात काय एवढं? घरातलीच वही हाय ना.”

मी काय करणार होते? तिला वाचता जेमतेम यायचं. वहीतली अडीच पानं आणि वाफ्यातल्या आठ जुड्या यात फरक असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आमच्या घरात ते सांगण्याची पद्धतही नव्हती. तिच्या डोळ्यांत खोट नव्हती. तिच्यावर चिडायला गेलं की राग हातातून निसटायचा आणि न चिडावं तर छातीत साठून राहायचा. पण दादा बारावीपर्यंत इंग्रजी शिकला होता. त्याला फरक माहीत होता. जुडी दिली की ती दिली, तिच्यावर देणाऱ्याचं नाव नसतं, गोष्टीवर असतं. आणि ‘ती जुड्या बांधायची’ हे तर त्याला वहीत लिहिलेलं सापडलेलं नव्हतं. ते त्याने स्वतः रचलं. अडीच पानांत तेवढीच काय ती त्याची भर.

मी त्याला मळ्यात गाठून विचारलं. तो पाणी पुढच्या वाफ्यात वळवायला दार मोडत होता. म्हणाला, “अगं, त्यांनी एकदम विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं.” मग म्हणाला, “तू सांगायचंस ना तुझं आहे म्हणून.” या दुसऱ्या वाक्याचा राग माझ्यात अजून शाबूत आहे, कारण ते बरोबर होतं.

यादी लागली. त्याचं नाव होतं, माझं नव्हतं. माझं इंग्रजी, माझे लेखीचे गुण, आणखी शंभर कारणं असतील. ही जागा माझीच होती असं मी शपथेवर सांगणार नाही. पण ती मागण्याची संधी माझी होती. आप्पांनी पेढे वाटले. मला पेढा देताना त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “दोघांतून एकाला मिळालं, घरातच आलं ना.” मी पेढा खाल्ला. त्यांच्यासमोर थुंकायची माझी हिंमत नव्हती.

सर म्हणाले, पुढच्या वर्षी परत भर, दुसरा अनुभव लिही. मी भरला नाही. माझ्याकडे दुसरा नव्हता, आणि माझाच पहिला अनुभव सोडून मी दुसरा का शोधावा, या हट्टाला मी पेटले होते. दुसऱ्या वर्षीही नाही, तिसऱ्या वर्षीही नाही. कुणाचं नुकसान झालं? माझंच. हा मूर्खपणा माझा स्वतःचा, तो दादाच्या खात्यावर टाकत नाही.

मी जुड्या पोचवत राहिले. अकराची वीस ठिकाणं झाली, मिसळीवरून मी हॉटेलं आणि कारखान्यांच्या कँटीनवर गेले, कोथिंबिरीबरोबर पुदिना आणि कढीपत्ता आला, लूना जाऊन टेम्पो आला. चांदवडच्या बाजूला लग्न करून दिलं तरी धंदा मी सोडला नाही. नवऱ्याला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं आणि तो बापडा हो म्हणाला होता. दादा मुंबईत एका मोठ्या कंपनीत लागला. दिवाळीला यायचा, माझ्यासाठी साडी आणायचा, चांगल्यातली. मी ती नेसायचे. आमच्यात भांडण होतं असं गावात कुणाला वाटलं नसतं.

दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी सरांचा क्लास मोठ्या जागेत गेला. खाली लिफ्ट, वर एसी. त्यांनी नव्या मुलांसाठी एक कार्यक्रम ठेवला, ‘तयारी आधीपासून’ असं त्याचं नाव, आणि पाहुणा म्हणून दादाला बोलावलं. आप्पा, आई आणि मी पहिल्या रांगेत. मी जाणार नव्हते. आई म्हणाली, चल गं, लोक काय म्हणतील. या वाक्याने मी आयुष्यात जिथे जिथे गेलेय तिथली यादी करायला बसले तर आणखी एक दोनशे पानी वही लागेल.

दादा छान बोलतो. त्याने पहिल्या वर्षापासून तयारी कशी केली ते सांगितलं. अग्रलेख, गणितं, वही. ‘वही’ म्हणताना त्याचा आवाज जराही हलला नाही. मग मिसळीची गोष्ट आली. बैलांपुढे टाकलेली कोथिंबीर, पंचवटीतला मालक, बारा महिने एकच भाव. मुलं खुश झाली. सरांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. माझा मजकूर त्यांनीच दोनदा तपासला होता, त्यांना सगळं माहीत होतं. आप्पा मान डोलवत होते. मी पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते.

शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली. मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. सिडकोतली असेल नाहीतर गावाकडची, तेलाची वेणी, हातात वही. बोलताना घाबरत होती. “सर, तुम्ही पहिल्यांदा गेलात तेव्हा त्या मालकांनी तुम्हाला काय विचारलं?”

दादा थांबला. आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मी ओळखते. लहानपणी पाढे म्हणताना अडला की तो असाच बघायचा आणि मी ओठ हलवून सांगायचे. आताही त्याला वाटलं की मी सांगेन. मी ओठ मिटून बसले. भर एकदा तुझा शेकडा तू.

“काय विचारणार,” तो हसून म्हणाला. “भाव विचारला. शेवटी धंद्यात सगळे भावच विचारतात.”

मुलं हसली. ती मुलगी खाली बसली आणि वहीत लिहायला लागली. ती ते खोटं उतरवून घेतेय, हे मी मान वळवून पाहिलं. तीन वर्षं ती ते वाक्य सांभाळणार होती. कुठल्यातरी मुलाखतीत कुणीतरी तिला विचारलं तर तेच सांगणार होती. इतकी वर्षं जे माझं गेलं त्यासाठी मी उठले नव्हते. त्या मुलीच्या वहीसाठी उठले.

“भाव नाही विचारला,” मी म्हटलं. “त्यांनी विचारलं, भाव चढला की येशील का? मी म्हटलं, तेव्हा नाही आले तर पुन्हा तोंड दाखवणार नाही. आणि वैशाखात भाव चढला तेव्हा महिनाभर रोज गेले. म्हणून अकरा ठिकाणं मिळाली. भावामुळे नाही.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आप्पा दबक्या आवाजात म्हणाले, “खाली बस.”

दादाने माईक जवळ घेतला. तो अजून हसत होता, त्याला गोष्टी सावरायची सवय आहे. “ही माझी बहीण,” तो मुलांना म्हणाला. “ही तेव्हा जुड्या बांधायची, म्हणून तिला सगळं आठवतं.”

“जुड्या आई बांधायची,” मी म्हटलं. “मिसळवाल्याकडे मी गेले होते. तू बाहेर लूनावर बसला होतास.”

आईने मांडीवरचे हात पदराखाली घेतले. आप्पांनी माझी साडी ओढली. मागे ती मुलगी वहीतली ओळ खोडून नव्याने लिहीत होती. तिचं लिहून होईपर्यंत मी उभी राहिले.